उसना विलाप

बिश्केकमध्ये लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात आणि मग बाकीच्या गोष्टी. काही जण मात्र आधी नुरिपाला फोन करायचे आणि ती मोकळी असेल त्या दिवसाचा हॉल घ्यायचे. ती तमादा होती. म्हणजे माइक हातात धरून सगळी जेवणावळ चालवणारी. कोणाला बोलायला उठवायचं, कोणाला गोड बोलून खाली बसवायचं, रुसलेल्या मामाला कसा हसवायचा, सगळं तिच्या जिभेवर. मी तिच्याबरोबर बरीच वर्षं कीबोर्ड वाजवला, आणि म्हातारी माणसं असली की कोमुझ, आमचं तीन तारांचं जुनं वाद्य. माझं नाव मेलिस. वयानं मोठा म्हणून ती मला बायके म्हणते, आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं.

तिची आई बातमा आत-बाशीकडच्या गावात धाकट्या मुलाजवळ राहायची. बटाटे काढायच्या दिवसांत ती गेली. आम्ही शहरातले ओळखीचे एक व्हॅन करून निघालो. डोलोनचा घाट ओलांडून पोचलो तेव्हा अंगणात नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तंबू उभा राहिला होता, म्हातारीचा देह आत पडद्यामागे होता, आणि बाहेर नुरिपाचा भाऊ तुर्दाकुन काठीवर ओणवा होऊन उभा होता. आम्ही पुरुष हंबरडा फोडतच त्याच्यापाशी गेलो, गळाभेट घेतली आणि त्याच्याच बाजूला उभे राहिलो.

आत बायका दाराकडे पाठ करून बसलेल्या. नवी मंडळी आली की त्या कोशोक धरतात. कोशोक म्हणजे नुसतं रडणं नव्हे. गेलेल्या माणसाला हाका मारत त्याचं सगळं आयुष्य ओळीत ओवून म्हणायचं. सुनेचं वेगळं, बायकोचं वेगळं, आणि मुलीचं ऐकायला तर गाव कान टवकारून असतं. त्यात ही मुलगी शहरात बोलण्यावर जगणारी. माझ्या शेजारचा म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "आज दगड रडतील बघा. नुरिपा आलीय."

सकाळपासून तुर्दाकुनची बायको सोनुन म्हणत होती. एका आत्याने म्हटलं, एका शेजारणीने म्हटलं. नमद्यातून प्रत्येकीचा आवाज ओळखू येत होता. नुरिपाचा मात्र नाही. दुपारी कोचकोरहून म्हातारीच्या माहेरची माणसं आली, गाड्याच गाड्या. सोनुनचा घसा पार बसला होता. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला, "आता तू गं. परक्यांच्या लग्नात घसा ताणतेस, आज आईसाठी ताण की!"

बाहेर माहेरची मंडळी 'आपाम-आय, आपाम!', आई गं, आई, करत तंबूच्या दारापर्यंत आली. आणि मग नमद्यातून नुरिपाचा आवाज आला, खणखणीत, रोजचा:

"आदरणीय पाहुणे मंडळी, आजच्या या सोहळ्यात आपलं सर्वांचं मनापासून स्वागत!"

एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग आत कुणीतरी पोरगी फिसकन हसली आणि तिचं तोंड कुणीतरी दाबलं. "तोबा, तोबा," म्हणत मोल्दोने, गावच्या मुल्लाने, मान फिरवली. रडत आलेले लोक रडणं विसरून एकमेकांकडे बघायला लागले. तुर्दाकुनने काठीवरचं डोकं वर उचललं नाही. मला त्याचे फक्त कान दिसत होते, लालबुंद झालेले.

परतीच्या वाटेवर ती व्हॅनच्या शेवटच्या सीटवर बसली, काळा रुमाल नाकापर्यंत ओढून. घाटाखाली सगळे चहाला उतरले, ती उतरली नाही. मी खिडकीतून पेला दिला तर म्हणाली, "बायके, मला शब्द सुचत नव्हते असं नाही. सुचत होते. पण एकेक उचलून बघितला की तो कुणाच्या ना कुणाच्या लग्नात वापरलेला निघायचा."

चहा तसाच गार झाला.

तिने पुन्हा काम सुरू केलं, पण ही असली बातमी आमच्याआधी घाट उतरून शहरात आली होती. एका लग्नात नवऱ्याच्या काकाला चढली होती. ती माइकवर बोलायला लागली तसा तो टेबलावरून ओरडला, "अरे, सांभाळा! ही मयतात स्वागत करते, लग्नात रडायला लावील!" सगळा हॉल हसला. नुरिपाही हसली. असं हसणं तिच्या धंद्यातलंच होतं. पण सामान आवरताना तिने मला सांगितलं की पुढच्या दोन-तीन लग्नांसाठी मी दुसऱ्या कुणाला तरी बघावं. नंतर ती फोनच उचलेनाशी झाली. दुकानात जायची तर शेजारच्या वस्तीतल्या. गावाकडून कुणी आलं म्हणजे घरी नाही म्हणून सांगायची.

मी एका रविवारी तिच्याकडे गेलो, चांगलं मोठं काम होतं, तिला मनवावं म्हणून. ती स्वयंपाकघरात शेवयांचं पीठ लाटत होती. नवरा कझाकस्तानात बांधकामावर, मुलगी शिकायला लांब, घरात ती एकटी. मी विषय काढला तर म्हणाली, "चहा घ्यायचा असेल तर बसा. ते बोलायचं असेल तर दार उघडंच आहे."

तेवढ्यात दार खरंच वाजलं. बाहेर एक बाई होती, तिशीतली, बँकेत असतात तसे कपडे, डोळे सुजलेले. नाव कुमुश. नुरिपाची तिची ओळख नव्हती.

"नुरिपा एजे तुम्हीच ना?" एजे म्हणजे थोरली ताई. आणि मला बघून ती दारातच थबकली.

"हे घरचेच आहेत. बोल."

"एजे, माझे वडील आजारी आहेत. डॉक्टर म्हणतात हिवाळा काढला तर नशीब." तिने पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळला. "मी एकुलती मुलगी. शहरातच वाढले, शाळा रशियन. मला कोशोक येत नाही. आई म्हणते, वेळ आली की आपोआप येतं. मला माहितीय, नाही येणार. लोक येतील आणि मी तिथे भिंतीकडे तोंड करून मुकी बसेन. मला शिकवाल?"

नुरिपाने लाटणं खाली ठेवलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "तुला कुणी पाठवलं? चेष्टा करायला आलीस?"

"नाही हो!"

"मग माझं काय झालं ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. म्हणूनच आले." कुमुशला रडू फुटलं. "गावात कोशोक येणाऱ्या खूप आहेत. माझी चुलतीच किती छान म्हणते. पण तिला विचारायचं कसं? बाप जिवंत आहे आणि ही रडणं शिकतेय, असं म्हणतील. लाज वाटते. तुमच्यासमोर नाही वाटली. तुमची तर आधीच..." आणि तिने जीभ चावली.

"आधीच जाऊन बसलीय," नुरिपाने वाक्य पुरं केलं. "बस. चहा घे."

मी उठायला लागलो तर मला म्हणाली, "तुम्ही कुठे निघालात? कोमुझ गाडीत आहे ना?"

मला आजही वाटतं, धंदा सुरू झाला तो त्या क्षणी. तिघांपैकी कुणालाच तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

तिला स्वतःलाही कोशोक येत नव्हता, पण माणसाला बोलतं करायला येत होतं. लग्नाआधी ती नवऱ्या मुलाच्या घरच्यांना खोदून खोदून विचारायची, तसंच तिने कुमुशला विचारलं. वडील काय करायचे? सिनेमाच्या यंत्रावर होते, रीळं घेऊन डोंगरात मेंढपाळांकडे जायचे. कशावर चिडायचे? कुमुशला माहीत नव्हतं. तरुणपणी कसे होते? तेही नाही. "मग मी कशाला ओळी बांधू, हवेला?" नुरिपा म्हणाली. "जा, त्यांच्याजवळ बस. विचारून ये. आणि कागदावर लिहू नकोस, कागद बघून रडता येत नाही."

कुमुश जायची, वडिलांजवळ बसायची, परत यायची. म्हातारा खुलायला लागला म्हणे. इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. एकदा वाटेत घोडा नदीत घसरला तेव्हा त्याने रीळाचा डबा डोक्यावर धरून ठेवला आणि बूट वाहून गेले, मग अनवाणीच सिनेमा दाखवला. नुरिपाने त्याची ओळ केली. मी जुनी चाल हळू वाजवायचो आणि कुमुश तिच्यावर ओळी बसवायची. पहिल्यांदा तिने पूर्ण म्हटलं तेव्हा तिघेही रडलो, आणि लगेच ओशाळलो. तिकडे म्हातारा जिवंत होता, बहुतेक दूध पीत बसला असेल.

तो हिवाळ्याच्या शेवटी गेला. कुमुशने असा कोशोक म्हटला की चुलती थांबून ऐकत राहिली. "कुठून शिकलीस गं?" विचारल्यावर कुमुश म्हणाली, "आपोआप आलं."

ती नुरिपाकडे आभार मानायला आली तेव्हा साखरेचं पोतं, मांस आणि एक पाकीट घेऊन आली. नुरिपाने मांस घेतलं, साखर घेतली. पाकिटाला हात लावेना. "मयताचे पैसे मी नाही घेत." कुमुशने ते चहाच्या डब्याखाली सरकवलं आणि गेली. नुरिपा त्या डब्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "घरभाडं थकलंय, बायके. नसतं थकलं तर मी ते परत केलं असतं का? मला माहीत नाही. हेच वाईट वाटतं."

मग बायका येऊ लागल्या. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी कुणाला उघड सांगत नव्हतं, पण अशी गरज किती घरांत दबून होती ते तेव्हा कळलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, दातांची डॉक्टर, बाजारात गालिचे विकणारी. प्रत्येकीला वाटायचं जगात आपणच एकट्या मुक्या. घरी सांगून येताना कुणी म्हणायची शिंप्याकडे जाते, कुणी म्हणायची पाठ चोळून घ्यायला. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या तर एकमेकींकडे बघत नसत. शेजाऱ्यांना नुरिपाने सांगितलं होतं की मी मुलींना किरगीझ भाषेची शिकवणी देते. आणि प्रत्येक शिकवणीनंतर ती खिडक्या उघडायची, जसं काही आत कुणी चोरून सिगारेट ओढली होती.

वसंतात कुमुशने तिला ओढून एका मेळाव्याला नेलं. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बायकांचा मेळावा, शहरातल्या हॉटेलात. मी खाली गाडीत थांबणार होतो, पण कुमुशने मलाही वर नेलं. पुढे एक तरुण मुलगी होती, फार उत्साही. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून ती समजावत होती की नव्या धंद्याची कल्पना कुठून येते. प्रवासातून येते, छंदातून येते, बाजारात काय कमी आहे ते बारकाईने पाहिल्यावर येते. मग एकेकीला उठवून विचारलं. कुणी जामचा कारखाना काढला होता, तो आजीच्या आठवणीतून. कुणी मुलांचे कपडे, ते स्वतःच्या बाळामुळे. नुरिपाची पाळी आली.

"तुम्ही काय करता, एजे? आणि हे सुचलं कसं?"

नुरिपा उभी राहिली. कुमुश खाली मान घालून हसत होती, जसं काही तिचंच कौतुक होणार होतं.

"मी... जुनी लोकगीतं शिकवते," नुरिपा म्हणाली. "आपला वारसा टिकावा म्हणून. लहानपणापासूनच तशी आवड होती."

टाळ्या पडल्या. त्या मुलीने 'वारसा' असं लिहून एक चिठ्ठी चिकटवली. गाडीत बसल्यावर नुरिपा कपाळ काचेला टेकवून म्हणाली, "काय सांगायचं होतं? आईच्या तंबूत तोंड काळं करून आले, तिथून सुचलं? चिठ्ठीवर मावलं नसतं."

त्या मेळाव्यातून पेरिझात आली. तिचा शिवणाचा मोठा कारखाना, रशियात माल जायचा. तिला वारसा वगैरे शब्दांतून बरोबर वास आला होता. ती आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "आई दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही. काही दिवसांचाच प्रश्न आहे. मला लवकर हवंय."

नुरिपाने नेहमीचे प्रश्न सुरू केले. पेरिझात ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुम्ही विचारताय ते मला काहीच ठाऊक नाही. मी आजीकडे वाढले. आई मॉस्कोत झाडूपोछा करायची, पैसे पाठवायची. परत आली तेव्हा मीच घरी नसायचे, कारखान्यात असायचे. आम्ही दोघी एका घरात पाहुण्यांसारख्या राहिलो. आता तिला विचारूही शकत नाही." तिने नखांकडे बघितलं. "माझ्याकडे तिचं काहीही नाही, एजे. एक ओळसुद्धा नाही. आणि साऱ्या शहरातून लोक येणार आहेत."

नुरिपाने सुरू केलं, माझ्याकडे न बघता:

"ओल्या बुटात ओतलेस भाजके जव, आपा माझी,
त्याच उबेवर चालते अजून वाट माझी."

ही ओळ मी कधी ऐकली नव्हती. तिच्या तोंडून ओळी एकामागून एक येत राहिल्या. शाळेत मुलांचे ओले बूट बघून बाई नाक मुरडते म्हणून आईने काढलेली युक्ती, चुलीवरचे गरम जव बुटात भरून ठेवायची, सकाळी जव कोंबड्यांना आणि कोरडे बूट मुलांना. पाहुण्याला पेला अर्धाच भरायची, त्याने पुन्हा पुढे करावा आणि पुन्हा त्याचं तोंड दिसावं म्हणून. मला कळलं ही कुणाची आई. पेरिझातलाही कळलं असावं, कारण ती म्हणाली, "हे... चालेल ना?"

"पाठ कर," नुरिपा म्हणाली.

ती गेल्यावर मी बोललो. पहिल्यांदाच आवाज चढवला. "नुरिपा, हे काय केलंस? हे तुझ्या आईचं होतं!"

"होतं ना. मला म्हणता आलं का?" ती टेबल पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. "त्या दिवसापासून आत साठलंय, बायके. घशाशी येतं आणि बसतं. निदान कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडू दे." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "आणि तिने देऊ केलं तेवढं आजवर कुणीच दिलं नव्हतं. ते पण आहे. ते नाही असं म्हणणार नाही."

पेरिझातच्या आईच्या मयतात कुणीतरी तंबूच्या फटीतून फोनवर चित्रीकरण केलं. काळ्या रुमालातली कारखानदारीण, आवाज फाटलेला, बुटांतले जव. महिन्याभरात ते देशभर फिरलं. टॅक्सीवाले ऐकवायचे. लोक म्हणायचे, शहरात राहून सुद्धा बघा, लेक असावी तर अशी. नुरिपाने ते एकदाच पाहिलं, माझ्या फोनवर. बघून झाल्यावर स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळं रडली असं नंतर म्हणाली. त्याचीही तिला लाज वाटली, की रडू आलं तेही दुसरीच्या तोंडून.

पुढच्या शरदात बातमाच्या वर्षश्राद्धाची आश, म्हणजे मोठी जेवणावळ, आली. त्या दिवशी शेवटचा कोशोक होतो, मग बायका काळं उतरवतात. तुर्दाकुनने बहिणीला फोनही केला नव्हता. सोनुनने केला. "एजे, या वेळी म्हणा तुम्ही. मी सांगितलंय सगळ्यांना, या वेळी एजे म्हणणार आहेत."

पुन्हा आम्ही गेलो. पुन्हा तंबू, पुन्हा गाड्या, घोडा कापलेला, मोठमोठ्या कढया. तुर्दाकुनने माझ्याशी हात मिळवला, बहिणीशी नाही. ती आत गेली. मी बाहेर पुरुषांच्या रांगेत उभा राहिलो.

तिने कोशोक धरला. आवाज आधी बारीक, मग भरत गेला. तो तमादाचा आवाज नव्हता, मी इतक्या वर्षांत तो ऐकलाच नव्हता. नव्या ओळी होत्या, आईच्या हातांच्या, आईच्या हट्टाच्या. पण आईचं सांगताना बुटांना वगळून ती जाणार कशी? तिथे आलीच. "ओल्या बुटात ओतलेस..."

आतून कुजबुज आली. मग आत्याचा आवाज, दबका पण सगळ्यांना ऐकू जाईल असा: "अगं बाई, हे तर त्या कारखानेवालीचं! फोनवरचं!"

"हो की. जसंच्या तसं."

"आईसाठी सुद्धा उचललेलं? स्वतःचं दोन ओळींचंही नाही?"

नुरिपा थांबली. तिला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण कुणाला सांगणार नाही असा पेरिझातला तिने शब्द दिला होता, आणि शब्द दिला नसता तरी ती काय सांगणार होती?

तेव्हा माझ्या शेजारून तुर्दाकुन हलला. काठी तिथेच पडली. तो तंबूला जाऊन भिडला आणि नमद्यावर मूठ आपटून ओरडला, "ते जव आमच्या बुटात होते! ऐकलंत? माझ्या आणि हिच्या! त्या कारखानेवालीच्या बुटात कुणी काही घातलं नव्हतं! हे आमच्या आईचं आहे!"

सगळं अंगण थिजलं. आणि आतून आत्या, जिला काहीही चटकन कळतं: "म्हणजे... हिने विकलं?"

त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि न बोलण्यातच सगळ्यांना उत्तर मिळालं. मला आतलं दिसत नव्हतं. सोनुनने नंतर सांगितलं की नुरिपाने भिंतीच्या लाकडी जाळीला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि कपाळ त्यावर टेकवलं होतं, आणि कुणी उठवलं असतं तरी उठली नसती. मग सोनुनने स्वतःच पुढे धरला, बसक्या आवाजात. थोड्या वेळाने त्याखाली दुसरा आवाज ऐकू आला. त्याला शब्द नव्हते. नुसतं 'आपा, आपा'.

जेवणं उरकल्यावर मी घोडे बांधले होते तिकडे गेलो तर भाऊ-बहीण तिथे उभे होते. मागे फिरणार होतो, पण नुरिपाने बघितलं आणि हाताने थांब म्हणून खूण केली. मला वाटतं तिला तिथे आणखी कुणीतरी हवं होतं.

"मी ते ट्रक चालवताना ऐकलं," तुर्दाकुन म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ होता, त्यामुळे जास्त लागत होता. "घाटात. सोबतीच्या ड्रायव्हरने लावलं. मला रडू आवरेना. ट्रक बाजूला घेतला. तो विचारतो, तुझी कोण लागते ही बाई? मी म्हटलं, कुणी नाही. आणि मग बुटांचं आलं." त्याने तिच्याकडे बघितलं. "एजे, तू आईला विकलंस."

"हो."

"का?"

"मला म्हणता येत नव्हतं. आणि पैसे हवे होते." तिने नजर खाली केली नाही. "दोन्ही. कुठलं जास्त होतं ते मला विचारू नकोस, तुर्दाकुन. मी स्वतःला खूप विचारलं."

"आणि मी मूर्ख, आज सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. तुझी बाजू घ्यायला गेलो आणि तुलाच..."

"घेतलीस ना. मला कळलं."

तो बराच वेळ घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. माफ केलं असं काही तो बोलला नाही, आणि तिनेही मागितलं नाही. निघताना सोनुनने आमच्या गाडीत मांसाची पिशवी ठेवली आणि नुरिपाचा काळा रुमाल स्वतःच्या हाताने काढून पांढरा बांधला. बाकी बायकांपैकी कुणी पुढे आली नाही.

शहरात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. मला वाटलं धंदा संपला. पेरिझातने फोन उचलणं बंद केलं. दोन-चार जणी येईनाशा झाल्या. पण एक वेगळी गोष्टही झाली. आता सगळ्यांना उघड कळलं होतं की अशी एक बाई आहे आणि अशी शिकवणी मिळते. ज्या बायकांना वाटत होतं आपण एकट्याच, त्यांना कळलं की शहर अशा लेकींनी भरलंय. जास्त बायका यायला लागल्या. लाजेतून सुरू झालेलं काम आणखी मोठ्या लाजेने वाढलं. नुरिपाला याचा आनंद झाला असं मला कधी दिसलं नाही. फक्त घरभाडं थकत नव्हतं.

तिने एक मात्र बदललं. जिच्याकडे आईबापाचं काही नसेल तिला ती एक ओळही देत नाही. एकदा एक बाई भांडली, "मी पैसे मोजतेय ना? तुम्हीच काहीतरी छान जोडून द्या." नुरिपा म्हणाली, "तुझे वडील बोलतात ना अजून? मग जा. आधी त्यांच्याजवळ बस." ती बाई दार आपटून गेली. पंधरवड्याने परत आली, बरोबर घरचं लोणी घेऊन, आणि आल्या आल्या वडिलांविषयी बोलायला लागली ती थांबेचना. नुरिपा ऐकत होती आणि मध्येच हसत होती.

गेल्या थंडीत मी कोमुझ घेऊन नुरिपाकडे चाललो होतो. जिन्यात पायरीवर तुर्दाकुन बसलेला दिसला. ट्रक घेऊन शहरात आला होता, गावाकडचं मांस पोचवायला. अंगात जाड कोट, पिशवी पायांशी. आशेनंतर तो पहिल्यांदाच तिच्या दारी आला होता.

"अरे, बाहेर का बसलास? आत जा की, थंडी आहे."

त्याने दाराकडे मान हलवली. आतून एका तरुण बाईचा आवाज येत होता, अडखळत, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

"कुणीतरी आलीय," तो हळू म्हणाला. "मी गेलो तर ती गप्प होईल. तिला लाज वाटेल." आणि सरकून त्याने मला पायरीवर जागा करून दिली.